पणजीचे नाव वाचता आले पाहिजे : आचोळे परिसरातील वंशावळ-अभ्यासक स्वयंसेवकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पालघर
मा. आयुक्त, वसई-विरार शहर महानगरपालिका
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. तहसीलदार, वसई
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, पालघर

विषय : वसई तालुक्यातील जुन्या जन्म-मृत्यू, जमीन, शाळा व इतर नोंदवह्यांची यादी करणे, त्या जतन करणे आणि कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्या सामान्य नागरिकांसाठी त्या खुल्या करणे याबाबत.

महोदय / महोदया,

आजोबांचे नाव घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. पणजोबांचे नाव विचारले की एखादे म्हातारे माणूस आठवून सांगते. पणजीचे नाव विचारले की घर गप्प होते. तिचे माहेर कोणते, माहेरचे नाव काय, ती कधी गेली, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. मात्र पुष्कळदा ते नाव कुठल्यातरी सरकारी नोंदवहीत लिहिलेले असते. कपाट बंद असते, लिपी मोडी असते आणि पान हात लावताच तुटते.

आम्ही आचोळे आणि आसपासच्या वस्तीतले रहिवासी. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, गृहिणी, विद्यार्थी असे सगळे आमच्यात आहेत. सुटीच्या दिवशी एकत्र बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वंशावळी मांडणे, जुने उतारे वाचून देणे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपून ठेवणे हे आमचे काम. त्यासाठी आम्ही पैसे घेत नाही. या कामात वारंवार ज्या भिंती लागल्या, त्यांतून हे मागणीपत्र तयार झाले आहे.

१. पार्श्वभूमी

घराण्याची नोंद ठेवणे हे आपल्याकडे नवे नाही. ‘महिकावतीची बखर’ याच उत्तर कोकणातली. केळवे-माहीमच्या परिसराची, बिंबराजाबरोबर आलेल्या कुळांची हकिकत तिच्यात आहे. तिचा महत्त्वाचा भाग केशवाचार्यांनी शके १३७०च्या, म्हणजे इ. स. १४४८च्या सुमारास लिहिला आणि इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती १९२४ साली छापून लोकांपुढे आणली. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत यजमानांच्या पिढ्या उतरलेल्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव फिरून कुळांची नावे वाचून दाखवत आले आहेत.

पण बखर लिहिली गेली ती राजांची आणि वतनदारांची. कुलवृत्तांत छापले ते ज्यांच्याकडे शिक्षण आणि पैसा होता त्यांनी. मिठागरावर राबणारा आगरी, मासेमारी करणारा कोळी, केळी-पानवेलीच्या वाड्या राखणारा वाडवळ, रानातला वारली, भात लावणारा कुणबी आणि या सगळ्यांच्या घरातल्या बाया यांची बखर कोणी लिहिली नाही. त्यांची नावे उरली ती कोतवालाच्या बुकात, फेरफाराच्या कागदात, शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत. सामान्य माणसाची बखर हीच आहे. ती फाटली तर दुसरी प्रत कुठेच नाही.

२. कागद कोणते आणि ते का विखुरले

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी गावातला जन्म आणि मृत्यू कोतवाल सांगे आणि तो जुन्या गाव नमुना १४ मध्ये लिहिला जाई. लोक त्यालाच ‘कोतवाल बुक’ म्हणतात. त्यात तारीख, बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण सापडते. पुष्कळ ठिकाणी बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. अशी नोंद वाचायची तर तारीख, बापाचे नाव आणि भावंडांच्या जन्माचा क्रम एकत्र जुळवावा लागतो. एकटे पान काही सांगत नाही, सलग नोंदवही सांगते. म्हणून सुट्या नकला पुरेशा नाहीत, पूर्ण नोंदवह्या जपल्या पाहिजेत असे आम्ही म्हणतो.

जमिनीच्या कागदांत सातबारा सगळ्यांना माहीत आहे, पण वंशावळीसाठी खरा आधार फेरफाराचा. माणूस गेला की वारस नोंद होते आणि त्या एका नोंदीत कधीकधी तीन पिढ्या भेटतात. मोडीतल्या जुन्या कागदात ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘वलद’ म्हणजेही बापाचे नाव, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. एवढे तीन शब्द ओळखता आले तरी घराची अर्धी वेल उलगडते. ‘कोम’ या शब्दापुढे मात्र नवऱ्याचे नाव येते, बाईच्या बापाचे येत नाही. लग्नात तांदळात नाव लिहून सुनेचे नाव बदलायची चाल अनेक घरांत होती. त्यामुळे एकच बाई माहेरच्या कागदात एका नावाने आणि सासरच्या कागदात दुसऱ्या नावाने असते. दोन्ही गावांच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय ती सापडत नाही.

वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत चर्चच्या नोंदवह्या मोलाच्या आहेत. बाप्तिस्मा आणि विवाह लिहून ठेवण्याचा नियम कॅथलिक चर्चने १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेत घातला. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज काळातल्या वसई प्रांताच्या महसुलाची माहिती सिमांव बोतेल्यु याने १५५४ साली केलेल्या तोंबोत, म्हणजे महसुली नोंदवहीत आहे. गोव्याच्या पुराभिलेखागारात त्या राजवटीची दफ्तरे आहेत. म्हणजे आमच्या तालुक्याचा धागा ठाणे, मुंबई, पुणे, पणजी इतक्या ठिकाणी पसरला आहे.

त्यात कारभार बदलत गेला. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक बदलात कागदांचे गठ्ठे एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जातात. कोणता गठ्ठा कुठे उतरला हे सामान्य माणसाला सांगणारी यादी नसते. आमच्या एका सहकाऱ्याला आजोबांच्या मृत्यूच्या नोंदीसाठी तीन कार्यालयांत फिरावे लागले आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्याचे नाव सांगण्यात आले. तिथल्या कर्मचाऱ्यांचा उद्धटपणा नव्हता. त्यांनाही ठाऊक नव्हते.

पाण्याचीही भीती आहे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचा रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला, ते आम्ही पाहिले आहे. तळमजल्यावरचे लाकडी कपाट अशा एका रात्रीत शंभर वर्षांची नावे घेऊन जाऊ शकते.

३. हे काम आत्ताच का

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी गाव नमुना १४, हक्क नोंद पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या असे कागद राज्यभर उघडले गेले. मोडी वाचणारे शोधून आणले गेले. लाखो नोंदी हाती लागल्या. त्यामागच्या मराठा आरक्षणाच्या राजकारणाबद्दल आमचे या पत्रात काही म्हणणे नाही. आम्ही एवढेच दाखवून देतो की शासनाने मनावर घेतले तर जुने कागद सापडतात, वाचता येतात आणि यादीत बसतात. हे शक्य आहे, याचा पुरावा शासनानेच दिला आहे.

इतर समाजांनाही हीच गरज आहे. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. सोबत वंशावळ जोडावी लागते. कॉलेजच्या प्रवेशाची तारीख जवळ आली की आचोळ्यातले आई-बाप कागद शोधत सुटतात. ज्यांचे मूळ गाव सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत आहे, त्यांची तर रजा आणि एसटीचे भाडे यातच दमछाक होते. नोंदवह्या आधीच जपलेल्या आणि यादीत असतील तर ही धावपळ वाचेल.

पण वंशावळ ही दाखल्यापुरतीच गरज आहे असे आम्ही मानत नाही. आपण कुठून आलो हे जाणून घेणे हा माणसाचा साधा अधिकार आहे. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या भारतीयांच्या नोंदी तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. रत्नागिरीतून गेलेल्या मराठी मजुराच्या आजच्या पिढीला तिथे पूर्वजाचे नाव, बापाचे नाव आणि गाव सापडू शकते. लंडनमध्ये १९११ पासून वंशावळ-अभ्यासकांची संस्था आहे आणि ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या इंग्रजांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी स्वयंसेवक उतरवून काढतात. इंग्रजाची मुंबईतली कबर त्याच्या खापरपणतूला घरबसल्या सापडते आणि आचोळ्यात जन्मलेल्या मुलीला तिच्या पणजीचे नाव आचोळ्यात सापडत नाही. हे आम्हाला लागते.

४. आमची तत्त्वे

वंशावळीचा उपयोग माणसाला उंच-नीच ठरवण्यासाठी झाला आहे, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून आमची भूमिका आधीच स्पष्ट करतो.

वंशावळ सर्वांची आहे. जात, धर्म, भाषा न पाहता जो येईल त्याच्यासाठी आम्ही काम करू. उत्तर प्रदेशातून आलेले कुटुंब आणि इथले मूळचे कुटुंब यांत फरक करणार नाही.

जिवंत माणसाची माहिती त्याच्या संमतीवाचून कुठेही उघड करणार नाही. सोयरीक मोडण्यासाठी, कोणाच्या जन्मावर बोट ठेवण्यासाठी किंवा आंतरजातीय जोडप्याचा माग काढण्यासाठी आमची मदत कधीही मिळणार नाही.

मुलींची नावे आमच्या प्रत्येक वंशवेलीत मुलांच्या बरोबरीने येतील. २००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलगी मुलाइतकीच हक्कदार झाली. कागदावरच्या वेलीतही तिची फांदी दिसली पाहिजे.

५. मागण्या

मागणी १ : नोंदवह्यांची शोधसूची प्रसिद्ध करावी.
वसई तालुक्यातील प्रत्येक महसुली गावाच्या कोणत्या नोंदवह्या, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या लिपीत, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या कार्यालयात आहेत, याची यादी करावी. ठाण्यात राहिलेल्या कागदांचाही त्यात उल्लेख असावा. सुरुवात मौजे आचोळ्यापासून करावी, म्हणजे छोट्या कामातून पद्धत बसेल. जे गहाळ झाले आहे तेही यादीत ‘उपलब्ध नाही’ असे लिहावे. नसलेला कागद शोधण्यात गरीब माणसाचे दिवस जातात, तो खोटा शोध तरी थांबेल.

मागणी २ : जीर्ण नोंदवह्यांचे जतन आणि स्कॅनिंग करावे.
महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ ने शासकीय अभिलेख जपण्याची जबाबदारी कार्यालयांवर टाकली आहे. त्यानुसार १९७० पूर्वीच्या सर्व जन्म-मृत्यू नोंदवह्या आणि जुने फेरफार प्राधान्याने स्कॅन करावेत. स्कॅन झाल्यावर मूळ नोंदवही रद्दीत जाऊ नये. तळमजल्यावरचे गठ्ठे पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावर हलवावेत. या एका कामाला निधी लागत नाही, आदेश लागतो.

मागणी ३ : शोध घेण्याचा हक्क प्रत्यक्षात मिळावा.
जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ नुसार कोणाही व्यक्तीला नोंदीचा शोध घ्यायला लावता येतो आणि जन्म किंवा मृत्यूचा दाखला मागता येतो. मृत्यूच्या दाखल्यात कारण उघड होऊ नये, ही काळजी कायद्यानेच घेतली आहे. तरीही ‘कशासाठी हवे?’ या प्रश्नाला ‘घराचा इतिहास लिहायचा आहे’ हे उत्तर खिडकीवर पुरत नाही. कुटुंबाचा इतिहास हे वैध कारण मानावे, असे लेखी परिपत्रक काढावे. आमची सूचना अशी की १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीचे विवाह आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू यांची नावांची सूची सर्वांना खुली असावी. त्यानंतरच्या नोंदी फक्त संबंधित कुटुंबाला मिळाव्यात.

मागणी ४ : शाळांच्या जनरल रजिस्टरांना संरक्षण मिळावे.
जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांतील प्रवेश-निर्गम नोंदवहीत मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि आधीचे गाव मिळते. शाळा बंद होते, दुसऱ्या शाळेत मिसळते किंवा इमारत पाडली जाते, तेव्हा ही नोंदवही कोणाच्या ताब्यात गेली ते लिहून ठेवणे बंधनकारक करावे. पहिलीत नाव घातलेली आणि तिसरीत शाळा सोडलेली मुलगी अनेकदा फक्त इथेच सापडते. माहेरच्या नावानिशी तिची ती एकुलती एक नोंद असते.

मागणी ५ : वसई-विरारमध्ये मोडी लिपीचे वर्ग घ्यावेत.
पुराभिलेख संचालनालय मोडी प्रशिक्षण वर्ग चालवते. तसा एक वर्ग दरवर्षी या तालुक्यात व्हावा. आचोळ्याहून मुंबईला लोकलने जाऊन रोज वर्ग करणे नोकरदाराला आणि गृहिणीला जमत नाही. वर्गात पत्रांबरोबर कोतवाल बुके आणि फेरफार वाचायला शिकवावे, कारण आमच्यापुढे तेच येतात. शके, फसली आणि सुहूर सन आजच्या सनात कसे बदलायचे, हेही त्यात असावे.

मागणी ६ : आचोळ्यात कुटुंब-इतिहास कक्ष द्यावा.
महानगरपालिकेच्या आचोळे प्रभाग समितीच्या हद्दीत, वाचनालयात किंवा समाजमंदिरात, आठवड्यातून दोन दिवस वापरता येईल अशी एक खोली द्यावी. एक संगणक, एक स्कॅनर, एक कुलूपबंद कपाट आणि दोन टेबले एवढे पुरे. छापलेले कुलवृत्तांत, १८८२ साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आणि वसईच्या समाजांवरील पुस्तके तिथे वाचायला असावीत. कक्ष चालवण्याची जबाबदारी आम्ही घेऊ.

मागणी ७ : धर्मस्थळांच्या व दफनभूमींच्या जुन्या नोंदींसाठी समन्वय साधावा.
चर्च, मशिदी, मंदिरे आणि तीर्थोपाध्याय यांच्या नोंदी खासगी आहेत. त्यांवर आमचा हक्क नाही. म्हणून ही मागणी नसून विनंती आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी एक बैठक बोलवावी आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्या जुन्या नोंदवह्यांची जतन-प्रत करून द्यावी. प्रत कोणाला दाखवायची हे नोंदवहीच्या मालकानेच ठरवावे. तीर्थोपाध्यायांची चोपडी हे त्यांचे पोटापाण्याचे साधनही आहे, त्याला धक्का लागू नये.

मागणी ८ : तोंडी इतिहास टिपण्यासाठी साहाय्य मिळावे.
आगरी लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणी, वाडवळी आणि कादोडी बोलणारी म्हातारी माणसे, पाडे-विहिरी-बांध यांची जुनी नावे सांगणारे शेतकरी हे आमचे जिवंत अभिलेखागार आहेत. आचोळे तलावाच्या काठची शेते जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या. शेतांची नावे आता मोजक्या लोकांनाच आठवतात. ती ध्वनिमुद्रित करण्यासाठी साधनसामग्री आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा सहभाग मिळावा. हे काम पुढच्या वर्षावर टाकता येत नाही.

मागणी ९ : यापुढच्या नोंदींत आईचे माहेर लिहिले जावे.
महानगरपालिकेच्या अर्जांत आणि वारस नोंदीच्या जबाबांत स्त्रीचे विवाहापूर्वीचे नाव आणि माहेरचे गाव लिहिण्यासाठी ऐच्छिक रकाना ठेवावा. मागच्या पिढ्यांची पोकळी भरून काढणे अवघड आहे. पुढच्यांची होऊ न देणे आपल्या हातात आहे.

६. आम्ही काय देऊ

मागणीबरोबर आमचे कर्तव्यही लिहून देतो. स्कॅन केलेली पाने वाचून नावांची सूची आम्ही विनामूल्य तयार करू. प्रत्येक पान दोघे जण स्वतंत्रपणे वाचतील आणि मतभेद असेल तिथे तसे नमूद करतील. संदिग्ध अक्षर अंदाजाने भरणार नाही. सूचीची पहिली प्रत कार्यालयाला देऊ. मूळ नोंदवही कार्यालयाबाहेर नेणार नाही, कर्मचाऱ्याच्या समोरच पाहू. माहिती कोणत्याही कंपनीला, पक्षाला किंवा विवाह जुळवणाऱ्या संस्थेला देणार नाही. आमच्यापैकी कोणी नियम मोडल्यास त्याला कामातून दूर करू आणि कार्यालयाला लेखी कळवू.

७. मुदत

या पत्रावर ३० दिवसांत संयुक्त बैठक व्हावी. ९० दिवसांत मौजे आचोळ्याची शोधसूची प्रसिद्ध व्हावी आणि मागणी ३ मधील परिपत्रक निघावे. तळमजल्यावरचे कागद येत्या पावसाळ्याआधी वर जावेत. एका वर्षात पहिला मोडी वर्ग आणि कक्ष सुरू व्हावा. तालुक्यातल्या उरलेल्या गावांचा टप्पानिहाय कार्यक्रम त्याच बैठकीत ठरावा.

आम्ही स्वतःसाठी अनुदान मागायला आलेलो नाही. शासनाकडे जे आधीपासून आहे ते नष्ट होऊ देऊ नका आणि ज्यांच्या घरचे आहे त्यांना ते वाचू द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आचोळ्याच्या रहिवाशांनाही यानिमित्ताने एक विनंती. आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा. तिच्या आईचे नाव, आजीचे नाव आणि त्यांची माहेरे विचारा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. सरकारी कपाट उघडायला वेळ लागेल. ही नोंद करायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपले विश्वासू,
आचोळे परिसरातील वंशावळ-अभ्यासक स्वयंसेवक
मु. आचोळे, ता. वसई, जि. पालघर